इच्छामरण, वैद्यकीय इच्छापत्र आणि उपचार नाकारण्याचा हक्क: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्येष्ठ नागरिक संघात या विषयावर बोलून झालं की माइकवर कुणी फारसं काही विचारत नाही. चहाच्या वेळी मात्र कोपऱ्यात गाठून विचारतात आणि रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर लांबलचक मेसेज येतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. ही सगळी माहिती भारतातल्या कायद्याची आहे. परदेशाचं शेवटी थोडंसं आहे.

१. भारतात इच्छामरण कायदेशीर झालंय ना? पेपरात तर तसंच छापून आलं होतं.

घोळ त्या शब्दाचाच आहे. इच्छामरण म्हटलं की आपल्याला भीष्म आठवतात. शरपंजरी पडून उत्तरायणाची वाट पाहायची आणि मग आपल्या मर्जीने प्राण सोडायचा. असा वर आपल्या कायद्याने कुणालाही दिलेला नाही. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ‘कॉमन कॉज’ संस्थेच्या याचिकेवर जे मान्य केलं ते यापेक्षा बरंच कमी आहे. बरं होण्याची आशा उरलेली नसताना केवळ मरण लांबवणारे उपचार थांबवता येतात किंवा मुळात सुरूच न करण्याचं ठरवता येतं. आपली तशी इच्छा शुद्धीत असताना लिहूनही ठेवता येते, तेच वैद्यकीय इच्छापत्र. सन्मानाने मरणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालय म्हणालं. मरण मागण्याचा हक्क मिळालेला नाही, उपचारांना ‘नको’ म्हणण्याचा मिळाला आहे. पुढची बहुतेक उत्तरं या एका फरकावर उभी आहेत.

२. व्हेंटिलेटर काढला काय आणि इंजेक्शन दिलं काय, माणूस मरतोच. मग फरक कसला?

कायद्याच्या नजरेत मृत्यूचं कारण वेगळं आहे. व्हेंटिलेटर काढल्यावर माणूस त्याच्या आजाराने जातो, इंजेक्शनने गेला तर तो देणाऱ्याच्या कृतीने जातो. हा फरक तत्त्वज्ञानाला पटेलच असं नाही, मलाही तो दरवेळी तितका स्वच्छ वाटत नाही. पण २०११ चा अरुणा शानबाग प्रकरणातला (प्रश्न १२) आणि २०१८ चा, दोन्ही निकाल त्यावरच बेतलेले आहेत.

३. रुग्णाने स्वतः लिहून दिलं असेल आणि डॉक्टरने दयेपोटी इंजेक्शन दिलं, तरी गुन्हा?

हो. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०१ मध्ये खुनाच्या व्याख्येला अपवाद दिले आहेत. अठरा वर्षांवरच्या माणसाने स्वतःच्या मृत्यूला संमती दिली असेल तर तो खून ठरत नाही, असं त्यातला पाचवा अपवाद सांगतो. हे वाचून काहींना हुरूप येतो. पण खून नसला तरी तो सदोष मनुष्यवध राहतोच, आणि कलम १०५ खाली त्याची शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते. गोळ्या आणून दिल्या आणि रुग्णाने त्या स्वतः घेतल्या, तर ते कलम १०८ खाली आत्महत्येला साहाय्य ठरतं. त्याला दहा वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. मुलगा, बायको, डॉक्टर, सगळ्यांना नियम एकच. हेतू दयेचा होता हे शिक्षा ठरवताना सांगता येतं, पण त्याने गुन्हा पुसला जात नाही.

४. मग आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यावर अजूनही केस होते का?

जुन्या दंडसंहितेचं कलम ३०९ त्यासाठी होतं. मुंबई उच्च न्यायालयाने ते १९८६ मध्येच घटनाबाह्य ठरवलं होतं. प्रकरण मुंबई पोलीस दलातल्या एका मानसिक आजारी शिपायाचं होतं आणि निकाल लिहिला होता न्या. पी. बी. सावंत यांनी. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये तीच भूमिका घेतली आणि १९९६ मध्ये ग्यान कौर खटल्यात पाच न्यायमूर्तींनी ती फिरवली. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने (कलम ११५) असा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरून चालायला सांगितलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत ते कलम उरलेलंच नाही. सरकारी अधिकाऱ्यावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा कलम २२६ खाली गुन्हा आहे.

हा प्रश्न स्वतःसाठी विचारत असाल तर कायदा बाजूला ठेवा आणि १४४१६ या टेली मानस क्रमांकावर, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर, बोला. तो विनामूल्य आहे, मराठीतही बोलता येतं.

५. मी पूर्ण शुद्धीवर आहे. मला केमो नको. मुलं म्हणतात घ्यायलाच हवी. कुणाचं चालणार?

तुमचं. सज्ञान आणि विचार करण्याच्या स्थितीतल्या माणसाला कुठलाही उपचार नाकारता येतो, मग त्यावाचून जीव जाणार असला तरी. त्यासाठी डॉक्टरांचं मंडळ लागत नाही, कोर्ट लागत नाही, इच्छापत्रही लागत नाही. समिरा कोहली खटल्यात (२००८) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की रुग्णाला आजार, उपचार, पर्याय आणि धोके समजावून त्याची स्वतःची संमती घेतली पाहिजे. त्या खटल्यात रुग्ण भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढलं होतं. ती संमती न्यायालयाने ग्राह्य धरली नाही.

प्रत्यक्षात मात्र ‘त्यांना काही सांगू नका हं डॉक्टर’ असं नातेवाईक दाराबाहेर सांगतात आणि डॉक्टर ते ऐकतात. ज्याचा आजार त्यालाच पत्ता नाही, असं घरोघरी चालतं. हक्क वापरायचा असेल तर आधी डॉक्टरांना स्वतः सांगावं लागतं: मला सगळं सांगा, मलाच सांगा.

६. ‘आमच्या जबाबदारीवर घरी नेतो’ अशी सही केली तर आम्ही अडकू का?

डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज, म्हणजे हॉस्पिटलच्या भाषेत ‘डामा’. शुद्धीवरच्या रुग्णाने स्वतः सही केली तर तो त्याचा हक्कच आहे (प्रश्न ५). बेशुद्ध रुग्णाला नातेवाईक असे घरी नेतात तेव्हा कायदा धूसर होतो. बऱ्याचदा कारण पैसे संपल्याचं असतं आणि कागदावर लिहिलं जातं ‘नातेवाइकांच्या इच्छेने’. हॉस्पिटललाही हे सोयीचं असतं, कारण उपचार थांबवण्यासाठी डॉक्टरांची दोन मंडळं नेमण्याची कटकट वाचते. पण असा रुग्ण घरी धाप लागून, वेदनाशामकाविना जातो. उपचार थांबवायचेच असतील तर प्रश्न ११ मधला रस्ता मागा. त्यात निदान शेवटच्या तासांची काळजी हॉस्पिटलवर राहते.

७. मृत्युपत्रातच एक परिच्छेद घातला तर चालेल का? वकील तेवढ्याच पैशात करून देतोय.

नाही. मृत्युपत्र लागू होतं ते माणूस गेल्यावर, आणि आपल्याकडे ते उघडतं तेराव्यानंतर. तोवर तुमच्या नाकातोंडातल्या नळ्यांचा निर्णय केव्हाच होऊन गेलेला असतो. वैद्यकीय इच्छापत्र, ज्याला सगळे लिव्हिंग विल म्हणतात, ते जिवंतपणीच वापरायचं असतं. तो कागद वेगळाच करा. मानसिक आरोग्य सेवा कायद्यातलं ‘आगाऊ निर्देशपत्र’ हाही तिसराच कागद आहे. तो मानसिक आजाराच्या उपचारांपुरता असतो.

८. वैद्यकीय इच्छापत्र नेमकं कसं करायचं? कोर्टात जावं लागतं म्हणे.

आता नाही. २०१८ च्या निकालात प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी सक्तीची होती. ती मिळवणं इतकं अवघड होतं की हक्क जवळपास कागदावरच राहिला. २४ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नियम सैल केले.

आता लागतं ते असं. तुम्ही सज्ञान आणि सुदृढ मनाचे हवेत आणि कागद स्वेच्छेने केलेला हवा. तो लेखी हवा. मराठीत चालतो, पण आयसीयूतला डॉक्टर कदाचित केरळचा असेल, म्हणून सोबत इंग्रजी प्रत ठेवलेली बरी. दोन साक्षीदारांसमोर सही करायची. साक्षीदार शक्यतो घराबाहेरचे, ज्यांना तुमच्या जाण्याने काही मिळणार नाही असे. मग नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन. तुम्हाला बोलता येणार नाही तेव्हा तुमच्या वतीने संमती कोण देणार, त्या एक किंवा अधिक व्यक्तींची नावंही घालायची.

मजकुरावर वेळ घालवा. ‘मला उगाच त्रास देऊ नये’ हे वाक्य मी अनेक कागदांवर पाहिलं आहे, आणि डॉक्टरला त्याचा काडीचा उपयोग नाही. मजकूर संदिग्ध असेल तर इच्छापत्र अमलात आणलं जात नाही, मग प्रश्न १२ ची वाट धरावी लागते. कुठल्या स्थितीत काय नको ते लिहा: छाती दाबून हृदय सुरू करणं, व्हेंटिलेटर, डायलिसिस, नळीने अन्न. काय हवं तेही लिहा: वेदनाशामक, स्वच्छता, शक्य असेल तर घर. मन बदललं तर लेखी रद्द करा. दोन कागद सापडले तर शेवटची सही असलेला धरतात.

९. इच्छापत्र लिहून कपाटात ठेवलंय. पुरेसं आहे?

कपाटाची किल्ली तुमच्याच कमरेला असेल तर नाही. नेमलेल्या व्यक्तींना आणि फॅमिली डॉक्टरला प्रत द्या. २०२३ च्या निकालाप्रमाणे एक प्रत महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीच्या सक्षम अधिकाऱ्याकडे द्यायची आणि तिथे तिचा अभिरक्षक, म्हणजे ती सांभाळणारा अधिकारी, नेमलेला असायला हवा. महाराष्ट्रात हे अधिकारी आपणहून नेमले गेले नाहीत. मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांना त्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका करावी लागली. त्यानंतर राज्यभरच्या स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये नेमणुका झाल्या. गोव्यात २०२४ मध्ये उच्च न्यायालयाचे न्या. महेश सोनक यांनी स्वतःचं इच्छापत्र नोंदवून सुरुवात करून दिली. तुमच्या नगरपालिकेतल्या खिडकीवरच्या माणसाने हे ऐकलेलंच नसेल अशी शक्यता धरून चाला. दोन प्रती न्या आणि एकीवर पोच घ्या.

१०. तरुण वयात करावं का? की साठीनंतर?

अठरा पूर्ण झाली की करता येतं. दुचाकीवरून घाट चढणाऱ्या पंचविशीतल्या मुलाला त्याची गरज आजोबांपेक्षा कमी नाही.

११. इच्छापत्र आहे. आता प्रत्यक्ष आयसीयूत काय होतं?

रुग्णाला असाध्य आजार आहे, दीर्घ उपचार चालू आहेत, सुधारणेची आशा नाही आणि तो स्वतः निर्णय घेऊ शकत नाही, अशा वेळीच कागद बाहेर येतो. डॉक्टर तो खरा असल्याची अभिरक्षकाकडून किंवा डिजिटल आरोग्य नोंदीतून खात्री करतात. मग हॉस्पिटल प्राथमिक मंडळ नेमतं: उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभव असलेले दोन तज्ज्ञ. त्यांनी होकार दिला तर दुय्यम मंडळ बसतं. त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर आणि दोन नवे तज्ज्ञ असतात. प्रत्येकाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. इच्छापत्रात नाव असलेल्या व्यक्तींची संमती लागते. अंमलबजावणीपूर्वी हॉस्पिटल न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवतं. कळवतं फक्त, परवानगी मागत नाही. मंडळाने नकार दिला तर घटनेच्या कलम २२६ खाली उच्च न्यायालयात जाता येतं.

मोठ्या शहरात हे जमतं. तालुक्याच्या गावी पाच-सहा तज्ज्ञ एका जागी आणायचे कुठून, याचं उत्तर निकालात नाही.

१२. बाबांनी काहीच लिहून ठेवलेलं नाही आणि ते तीन आठवडे व्हेंटिलेटरवर आहेत. मग?

तरीही रस्ता आहे. प्रश्न ११ मधलीच दोन मंडळं, फक्त नेमलेल्या व्यक्तींच्या जागी जवळच्या नातेवाइकांची लेखी संमती. विचारायचा प्रश्न ‘आम्हाला काय हवं’ हा नसून ‘बाबा बोलू शकले असते तर काय म्हणाले असते’ हा असतो.

इथे अरुणा शानबाग यांचं प्रकरण हमखास निघतं. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या या परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी हल्ला झाला आणि मेंदूला कायमची इजा झाली. लेखिका पिंकी विराणी यांनी त्यांना अन्न देणं थांबवावं अशी याचिका केली, पण ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने केईएमच्या कर्मचाऱ्यांनाच त्यांचे खरे आप्त मानलं, आणि त्यांना अरुणाताई जगायला हव्या होत्या. परवानगी मिळाली नाही. त्या १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने गेल्या. पण त्याच निकालाने उपचार थांबवण्याची वाट देशात पहिल्यांदा उघडली, उच्च न्यायालयाच्या मंजुरीच्या अटीवर. ती अट २०१८ मध्ये गेली. आजही कुणी तुम्हाला ‘आधी हायकोर्टाची ऑर्डर आणा’ म्हणालं, तर तो २०११ मध्येच अडकला आहे.

१३. भाऊ ‘काढा’ म्हणतो, बहीण ‘ठेवा’ म्हणते. कायदा कुणाचं ऐकतो?

इच्छापत्रात एकाचं नाव असेल तर त्याचं. नसेल तर मोठ्या भावाला किंवा मुलग्याला जास्तीचं मत नाही. व्यवहारात मात्र घरात एकानेही हरकत घेतली की हॉस्पिटल हात आखडतं. म्हणून कागद करताना नेमलेल्या व्यक्तीइतकंच न नेमलेल्या मुलांशीही बोला. ‘मला का नाही घेतलं’ हा रुसवा तुमच्या समोर निघालेला बरा.

१४. नाकातली नळी काढणं म्हणजे उपाशी मारणं नाही का?

सर्वात जास्त तंटा याच नळीवरून होतो. व्हेंटिलेटर यंत्र आहे हे सगळ्यांना पटतं. पण राइल्स ट्यूबमधून जाते ती पेज असते, आणि कुणाला अन्न नाकारणं आपल्या हाताला जमत नाही. जुलै २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने, वर्षानुवर्षं निश्चेष्ट पडलेला एक तरुण व्हेंटिलेटरवर नाही, फक्त नळीच्या अन्नावर आहे, एवढ्यासाठी त्याच्या आईवडिलांची मंडळ नेमण्याची विनंती नाकारली होती. म्हणून तुमच्या कागदात या नळीवर स्वतंत्र वाक्य हवं, हो किंवा नाही. तोंडाने भरवणं हा उपचार नाही. घोट गिळता येतो तोवर तो द्यायचाच.

१५. ‘ब्रेन डेड’ माणसालाही ही दोन मंडळं लागतात का?

तो प्रांतच वेगळा. मेंदूमृत्यू म्हणजे कोमा नव्हे. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांचं मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा चाचण्या करून तो प्रमाणित करतं. अडचण एवढीच, की हे प्रमाणपत्र अवयवदानाच्या कायद्यात आहे. कुटुंबाने दानाला नकार दिला तर पुष्कळ हॉस्पिटलं व्हेंटिलेटर काढायला कचरतात.

१६. मॉर्फिनने मरण लवकर येतं, म्हणजे ते छुपं इच्छामरणच ना?

नाही. वेदना किंवा धाप कमी करण्यासाठी योग्य मात्रेत दिलेलं मॉर्फिन हा उपचार आहे, आणि नीट दिलं तर ते सहसा मरण जवळ आणत नाही. २०१४ मध्ये अमली पदार्थ कायद्यात दुरुस्ती होऊन त्याचे परवाने सोपे झाले. ‘सोडवा मला’ म्हणणाऱ्या कित्येकांना खरं तर वेदनेतून सुटायचं असतं. वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून असाध्य रुग्णांच्या वेदना शमवण्याचं काम करतं आहे, पुण्यात वारज्याला सिप्ला कंपनीचं तसंच केंद्र आहे. तिथे आधी जाऊन या.

१७. मला आजार नाही. वय झालं, जगून झालं, आता पुरे. अर्ज कुठे करू?

कुठेच नाही. मुंबईतल्या एका वृद्ध दांपत्याने अशी परवानगी राष्ट्रपतींकडेच मागितली होती, ती मिळाली नाही. मागणी नवी नाही. मिनू मसानी यांनी १९८१ मध्ये मुंबईत सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी संस्था काढली होती, आणि १९८५ मध्ये सदानंद वर्दे यांनी विधान परिषदेत विधेयकही आणलं होतं. पण तेव्हाचाही मुद्दा असाध्य आजाराचाच होता.

१८. विनोबांनी अन्नपाणी सोडलं, सावरकरांनी प्रायोपवेशन केलं. त्यांना कुणी अडवलं नाही. मग आम्हाला का?

नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला विनोबांनी औषध आणि अन्न नाकारलं तेव्हा ते सत्याऐंशी वर्षांचे आणि आजारी होते. आजच्या भाषेत सांगायचं तर त्यातला मोठा भाग प्रश्न ५ मध्ये बसतो. जैनांच्या संथाऱ्याबद्दल, म्हणजे मरेपर्यंत अन्न सोडण्याच्या व्रताबद्दल, राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये ‘ही आत्महत्या’ असा निकाल दिला आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. औषध नाकारणाऱ्याच्या पाठीशी कायदा स्पष्टपणे उभा आहे. निरोगी माणसाने अन्न सोडलं तर तो तितका स्पष्ट नाही, आणि त्याला त्या वाटेवर ढकलणाऱ्याला कलम १०८ लागू शकतं.

१९. आईला स्मृतिभ्रंश आहे. आता तिचं इच्छापत्र करता येईल का?

सही करताना तिला काय लिहिलं आहे ते कळतंय का, यावर सगळं आहे. सुरुवातीच्या टप्प्यात, डॉक्टरांचं त्याच दिवसाचं प्रमाणपत्र जोडून करता येतं. ती तुम्हाला ओळखेनाशी झाल्यावर तिचा अंगठा घेऊ नका, तो कागद टिकणार नाही. तेव्हा प्रश्न १२.

२०. स्वित्झर्लंडला घेऊन गेलो तर?

तिथल्या दंडसंहितेचं कलम ११५ आत्महत्येला स्वार्थी हेतूने केलेल्या साहाय्यालाच शिक्षा देतं, म्हणून डिग्निटाससारख्या संस्था परदेशी लोकांनाही घेतात. शेवटचं औषध रुग्णाने स्वतःच घ्यावं लागतं. जाणाऱ्याला भीती नाही, सोबत जाणाऱ्याला आहे. भारतीय नागरिकाने परदेशात केलेल्या कृत्यालाही न्याय संहिता लागू होते, त्यामुळे तिकिटं काढणारा मुलगा परत आल्यावर प्रश्न ३ मध्ये सापडू शकतो. कॅनडात मरणासाठी वैद्यकीय साहाय्य कायदेशीर आहे, पण तिथल्या सरकारी आरोग्यसेवेला पात्र असणाऱ्यांनाच. मुलाकडे सहा महिने राहायला गेलेल्या आईवडिलांसाठी ते नाही.

२१. मी टोरांटोत, आईबाबा ठाण्यात. त्यांनी माझं एकट्याचं नाव घातलंय. चालेल?

कायद्याने चालेल. पण मंडळ रुग्णाला तपासतं ते नेमलेल्या व्यक्तीच्या उपस्थितीत, आणि लेखी संमती लागते. फोनवरच्या होकारावर हॉस्पिटलं विसंबत नाहीत. निकालाने एकाहून अधिक नावांची मुभा दिली आहे, ती वापरा. दुसरं नाव ठाण्यातल्याच कुणाचं तरी असू द्या. मावसभाऊ, शेजारी राहणारी भाची, रात्री दोन वाजता रिक्षा करून पोचेल असं कुणीही. आणि त्या माणसाला आधी विचारा. आपलं नाव घातलंय हे आयसीयूच्या दारात पहिल्यांदा कळलेले लोक मी पाहिले आहेत.